चहात बुडवलेली चकली

गेल्या दिवाळीत एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो होतो. आजोबांनी चकली उचलली, चहात बुडवली आणि ती मऊ पडेपर्यंत शांत बसून राहिले. ‘मला अशीच आवडते,’ म्हणाले. उजव्या बाजूच्या दोन दाढा दोन वर्षं दुखताहेत, हे निघताना सूनबाईंनी दारात सांगितलं. रूट कॅनाल आणि वरच्या कॅपचा खर्च ऐकून आजोबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, डाव्या बाजूनं चावायचं.

बेंगळुरूत अशी घरं थोडी नाहीत. पेन्शन आहे म्हणून बीपीएल कार्ड नाही. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात; इतरांना पॅकेजच्या 30 टक्के, तेही दीड लाखाच्या मर्यादेत. पण या योजनेचा सगळा रोख दवाखान्यात दाखल होण्यावर. मेडिक्लेमचंही तेच, अपघात झाला तरच सहसा दाताचं नाव निघतं. दाढ मात्र कुणाला दाखल व्हायला लावत नाही. रात्रभर जागवते आणि सकाळी कामावर पाठवते.

ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो, म्हणजे महिना 21 हजारांपर्यंतचे, ते त्यातल्या त्यात सुखी. त्यांच्या दवाखान्यात दातही बघतात. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना सीजीएचएस आहे.

गंमत (गंमत कसली!) पुढेच आहे. कर्नाटक सरकारची ‘दंत भाग्य’ योजना बीपीएल कार्डधारकांना कवळी फुकट देते. वयाची अट आधी साठीची होती, पुढे 45 वर आणली. चांगलीच योजना आहे. कवळी बसल्यावर भाकरी खाता येणं ही लहान गोष्ट नव्हे. पण दात सगळे गेल्यावर सरकार धावून येतं आणि एकेक दाढ किडत असते तेव्हा माणूस एकटा असतो, हा क्रम आम्हांला उलटा वाटतो.

एक वाट आहे, ती अनेकांना ठाऊक नसते. मार्केटजवळ, व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या शेजारी, 1958 पासून सरकारी दंत महाविद्यालय आहे. तिथे खासगी दवाखान्याच्या मानानं फार कमी पैसे लागतात. शहरातल्या खासगी दंत महाविद्यालयांतही विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि दर उतरते असतात. फेऱ्या जास्त होतात, रांग असते. शिकाऊ डॉक्टर दहादा ‘दुखतंय का?’ विचारतो, मग सर येऊन पुन्हा बघतात. इतक्या काळजीनं आमच्या तोंडात एरवी कुणी डोकावलेलं नाही.

यंदाचा अंक हाती देताना वाचकांकडे एकच मागणं. फराळाचं ताट पुढे ठेवाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढं विचारा : ‘तुम्ही कुठल्या बाजूनं चावता?’