मध्यरात्रीची वजाबाकी

विद्यार्थी मित्रहो, एक सोपे उदाहरण घ्या. तास ९.५० ला सुरू झाला आणि १०.१० ला संपला. किती वेळ झाला? तुम्ही तोंडीच २० मिनिटे सांगाल. पण संगणकाला १०.१० मधून ९.५० वजा करायला सांगा, तो ०.६० हे उत्तर देईल. चूक त्याची नाही. तास साठ मिनिटांचा असतो, हे आपण त्याला सांगितलेच नाही. म्हणून आधी दोन्ही वेळांची मिनिटे करावीत : ६१० – ५९० = २०.

खरी गंमत पुढेच आहे. भंडाऱ्यातील माझ्या एका विद्यार्थ्याने रात्रपाळीच्या चौकीदाराचे तास मोजणारी आज्ञावली लिहिली. रात्री ८ ते सकाळी ८ या पाळीसाठी उत्तर आले उणे ७२० मिनिटे. त्याने उणे चिन्ह काढून टाकले; १२ तास झाले. उत्तर बरोबर, स्वारी खूश!

मी म्हटले, आता संध्याकाळी ६ ते सकाळी ८ करून बघ. ४८० – १०८० = –६००. चिन्ह काढले, तर १० तास! प्रत्यक्षात चौकीदार १४ तास जागला होता. त्याची ४ तासांची मजुरी एका चिन्हापायी बुडाली असती.

मध्यरात्री घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणून उत्तर ऋण आले, तर त्यात दिवसाची १४४० मिनिटे मिळवावीत : –६०० + १४४० = ८४०, म्हणजे १४ तास. अवधी २४ तासांहून मोठा असेल, तर मात्र तारीखही हवीच.

शिवाय दोन्ही घड्याळे एकाच वेळेची हवीत. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, तरी मुंबईत १९५५ पर्यंत ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ही काही ठिकाणी चालू होती. एक वेळ एका घड्याळातली आणि दुसरी दुसऱ्यातली घेतली, तर वजाबाकी बिनचूक असूनही उत्तर चुकणारच.

माझे शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सांगणे आहे. आज्ञावली कशी लिहावी हे आपण शिकवतो. ती कशी तपासावी हे क्वचितच शिकवतो. जे उदाहरण सहज सुटते, ते तपासणीच्या कामाचे नसते. ऋण उत्तर म्हणजे संगणकाने वाजवलेली घंटा. ती का वाजली हे न पाहता तिचा आवाज बंद करणे, हे विज्ञान नव्हे. प्रयोगशाळेतही हाच नियम आहे.

मित्रहो, तुमची आज्ञावली तयार झाली की तिला एकदा मध्यरात्र ओलांडायला लावा. उत्तर मात्र आधी कागदावर काढून ठेवा!