घराची ऊब

तुमच्या गावाजवळ 'खुर्द' किंवा 'बुद्रुक' नावाचे एखादे गाव आहे का? महाराष्ट्रात अशी जोडनावे जागोजागी आढळतात. वडगाव खुर्द, वडगाव बुद्रुक. 'खुर्द' म्हणजे लहान आणि 'बुद्रुक' म्हणजे मोठे. तुम्ही उर्दू शिकता, त्यामुळे हे शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. 'खुर्द' हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि 'बुद्रुक' हे 'बुजुर्ग' ह्या शब्दाचे मराठी रूप आहे.

काश्मीरच्या खोऱ्यात लोकांनी थंडीलाही अशीच लहान-मोठी नावे दिली आहेत. तेथे २१ डिसेंबरला 'चिल्ला-ए-कलाँ' सुरू होतो. चिल्ला म्हणजे चाळीस दिवस आणि कलाँ म्हणजे मोठा. हे चाळीस दिवस सर्वांत कडक थंडीचे असतात. त्यानंतर येतो वीस दिवसांचा 'चिल्ला-ए-खुर्द'. आणि शेवटी दहा दिवसांचा 'चिल्ला-ए-बच्चा'. म्हणजे थंडीचेही एक कुटुंबच झाले! थोरला भाऊ, धाकटा भाऊ आणि एक लहान मूल. हे तिघे मिळून सत्तर दिवस काश्मिरी घरात पाहुणे म्हणून राहतात. पाहुणे मात्र फार कडक स्वभावाचे असतात.

ही थंडी किती कडक असते? आपल्याकडे मुंबईत पारा १५ अंशांपर्यंत उतरला, की आपण पेटीतले स्वेटर बाहेर काढतो. श्रीनगरात २१ डिसेंबर २०२४ च्या पहाटे तापमान शून्याच्या खाली साडेआठ अंशांपर्यंत गेले होते. डिसेंबर महिन्यात इतकी थंड रात्र तेथे सुमारे पन्नास वर्षांत आली नव्हती. अशा रात्री दल सरोवराच्या काठचे पाणी गोठते. नळातले पाणी गोठते. छपराच्या कडेला बर्फाच्या सुळ्या लोंबू लागतात.

बर्फाची चित्रे तुम्ही कॅलेंडरवर पाहिली असतील. सिनेमात तर बर्फ हमखास असतो. नायक-नायिका बर्फात गाणे म्हणतात आणि गाणे संपले, की आपण ते विसरून जातो. त्या चित्रात मागे कोठेतरी एक घर दिसते. त्याच्या धुराड्यातून धूर निघत असतो. त्या घरात काय चालले असेल, असा विचार तुम्ही कधी केला आहे का? मला वाटते, बर्फापेक्षा त्या घराकडेच आपण अधिक लक्ष द्यावे. कारण बर्फ आकाशातून आपोआप पडतो, पण घराची ऊब आपोआप येत नाही. ती कोणीतरी मेहनत करून तयार करावी लागते. आणि ही मेहनत करणाऱ्यांची आठवण आपण फार कमी ठेवतो.

ही मेहनत हिवाळ्यात सुरू होत नाही. ती उन्हाळ्यातच सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये बाजारात भाज्या भरपूर येतात. तेव्हा काश्मिरी घरांत वांगी, टोमॅटो, दुधी भोपळा चिरून उन्हात वाळवतात. दोऱ्यात ओवलेल्या भाज्यांच्या माळा खिडक्यांना आणि सज्जांना टांगलेल्या दिसतात. ह्या सुक्या भाज्यांना तेथे 'होख स्यून' म्हणतात. पूर्वी बर्फ पडला, की खोऱ्यात येणारा रस्ता कितीतरी दिवस बंद राहत असे. ताजी भाजी मिळत नसे. मग ह्या सुक्या भाज्यांवरच घर चालत असे. आता डोंगरातून बोगदे झाले आहेत. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वेही धावू लागली आहे. तरीही बर्फाने आणि दरडींनी रस्ता अजून बंद पडतो, आणि सुक्या भाज्यांची चव तर लोकांना आवडतेच. म्हणून भाज्या वाळवणे अजून थांबलेले नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर पापड, कुरडया वाळत घालतात, तसेच हे काम आहे.

मग शरद ऋतू येतो. चिनारच्या झाडांची पाने लाल होऊन गळू लागतात. बाहेरून आलेले लोक त्या पानांचे फोटो काढतात. गावातल्या बायका मात्र हातात झाडू घेऊन ती पाने गोळा करतात. पानांचे ढीग पेटवतात आणि ती जळून राख होण्याआधीच वरून पाणी शिंपडतात. त्यांचा जो कोळसा तयार होतो, तो पोत्यांत भरून ठेवतात. हाच कोळसा पुढे कांगडीत घालतात.

कांगडी तुम्हांला माहीत आहे का? ती एक लहानशी शेगडीच असते. आत मातीचे भांडे आणि बाहेरून वेताची टोपलीसारखी वीण. वर धरायला कडी असते. भांड्यात निखारे घालतात आणि त्यांवर राख पसरतात, म्हणजे ते हळूहळू जळत राहतात. अंगात 'फेरन' नावाचा पायघोळ, सैल झगा असतो. त्या झग्याच्या आत कांगडी धरून माणसे बसतात, बोलतात, रस्त्याने चालतातसुद्धा. अशी ही कुठेही बरोबर नेता येणारी ऊब!

आता चिल्ला-ए-कलाँमधली एक सकाळ डोळ्यांसमोर आणा. बाहेर अजून अंधार आहे. तुम्ही गोधडीत आहात. घरात कोणीतरी एक जण आधीच उठले आहे. नळ सोडला, तर पाणी येत नाही. पाण्याचा बर्फ झाला, की तो जास्त जागा घेतो आणि त्यामुळे नळाची नळीही फुटू शकते. म्हणून कोमट पाणी ओतून किंवा जवळ जाळ करून नळ मोकळा करायचा. मग चूल पेटवायची. समोवारमध्ये निखारे घालून 'नून चाय' उकळायची. नून म्हणजे मीठ. हा चहा गोड नसतो. तो खारट असतो आणि त्याचा रंग गुलाबी असतो. कोणीतरी थंडीत कुडकुडत भट्टीवरून गरम रोटी आणायची. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आणि मुलांच्या कांगड्या निखाऱ्यांनी भरायच्या. रात्री बर्फ पडला असेल, तर फावड्याने दारासमोरची वाट मोकळी करायची. हे सगळे झाल्यावर तुम्ही उठता आणि म्हणता, "वा! घर किती उबदार आहे!"

दिवसा बहुतेक सर्व कुटुंब एकाच खोलीत बसते. सगळ्या खोल्या गरम करायच्या, तर तेवढे लाकूड आणायचे कोठून? काही घरांत 'हमाम' असतो. ह्या खोलीची जमीन दगडी फरशीची असते आणि फरशीखाली विस्तव पेटवलेला असतो. काही घरांत पत्र्याची 'बुखारी' असते. तिचा धूर नळीने घराबाहेर जातो. त्या एका खोलीत आजोबा गोष्टी सांगतात. मुले अभ्यास करतात. शाळांना तेथे मोठी सुट्टी हिवाळ्यातच असते. शेतात काम नसते, म्हणून कोणी शालीवर सुईने नक्षी काढतो, कोणी कागदाच्या लगद्याच्या डब्यांवर फुले रंगवतो. शेजारी येतात, त्यांना आपल्या कांगडीजवळ जागा मिळते.

ह्याच दिवसांत काही काश्मिरी पुरुष शालींचे गाठोडे घेऊन दूरदूरच्या शहरांत फिरतात. महाराष्ट्रातल्या शहरांतही ते दिसतात. तुमच्या गल्लीत असा एखादा फेरीवाला आला, तर तुम्ही त्याला शालीची किंमत विचाराल. भाव कमी करायलाही सांगाल. पण त्या वेळी त्याच्या घरी नळ कोण मोकळा करत असेल? बर्फ कोण बाजूला करत असेल? त्याच्या मुलांच्या कांगड्या कोण भरत असेल? त्याची बायको, त्याची आई, त्याची मोठी मुलगी. तो चार पैसे मिळवतो, त्याचा हिशोब होतो. त्या घर उबदार ठेवतात, त्याचा हिशोब कोणी करत नाही. त्यांना कोणी विचारले, की तुम्ही काय करता, तर उत्तर मिळते, "काही नाही, घरीच असते." हे 'काही नाही' मला मुळीच पटत नाही. शून्याखालच्या थंडीत सारे कुटुंब जिवंत आणि सुखरूप ठेवणे म्हणजे 'काही नाही' कसे?

काही लोक म्हणतील, "एवढी मेहनत कशाला? विजेची शेगडी लावावी म्हणजे झाले." त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. आपण कांगडीचे कौतुक करतो, पण कांगडीत धोकाही असतो. ती कलंडली, तर अंथरूण पेटते, माणूस भाजतो. वर्षानुवर्षे पोटाजवळ आणि मांड्यांजवळ कांगडी धरल्यामुळे काही लोकांना त्वचेचा कर्करोग होतो. डॉक्टर त्याला 'कांगडी कॅन्सर' असेच म्हणतात. बंद खोलीत कोळसा जळत राहिला, तर विषारी वायू साठतो. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही आणि त्याचा जीव जातो. अशा दुःखद घटना थंडीच्या दिवसांत घडतात. म्हणून खोलीत थोडी तरी हवा खेळती ठेवलीच पाहिजे आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर नेलीच पाहिजे. हे आपल्याकडेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पण विजेचे काय? काश्मीरची बरीच वीज नद्यांच्या पाण्यावर तयार होते. हिवाळ्यात डोंगरावरचे पाणी गोठते आणि नद्यांतले पाणी कमी होते. म्हणजे जेव्हा विजेची गरज सर्वांत जास्त, तेव्हाच ती कमी तयार होते. मग दिवे जातात, शेगड्या थंड पडतात आणि लोक पुन्हा कांगडीकडे वळतात. म्हणून मला असे वाटते, की सोयी जरूर याव्यात. धुराने कोणाचे डोळे चुरचुरू नयेत. नळासाठी कोणी पहाटे बर्फात उभे राहू नये. पण कितीही सोयी आल्या, तरी आधीपासून तयारी करण्याची आणि असेल ती ऊब वाटून घेण्याची सवय मात्र जाऊ नये. वीज गेली, की हीच सवय कामाला येते.

एवढा त्रास आहे, तर तेथील लोकांना ही थंडी नकोशी वाटते का? नाही. पहिला बर्फ पडला, की लोक एकमेकांना 'नव शीन मुबारक' म्हणतात. शीन म्हणजे बर्फ. चिल्ला-ए-कलाँमध्ये डोंगरावर पडलेला बर्फ घट्ट होऊन राहतो. उन्हाळ्यात तो हळूहळू वितळतो आणि ओढ्यांना, भातशेतीला, सफरचंदांच्या बागांना पाणी मिळते. जानेवारी २०२४ मध्ये बराच काळ बर्फ पडलाच नाही. गुलमर्गची उतारे कोरडी दिसत होती. तेव्हा लोक आनंदित झाले नाहीत, ते काळजीत पडले. बर्फासाठी त्यांनी नमाज पढून दुआ मागितल्या. कडक स्वभावाचा पाहुणाही वेळेवर आला नाही, तर घराला चैन पडत नाही.

मुलांनो, आपल्याकडे अशी थंडी पडत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला किंवा विदर्भात कधीकधी पारा बराच खाली जातो, पण दल सरोवरासारखे आपले तलाव गोठत नाहीत. तरीही डिसेंबरच्या सकाळी गोधडीतून बाहेर येणे आपल्या जिवावर येते. अशा सकाळी तुमच्या घरात सर्वांत आधी कोण उठते? अंघोळीचे पाणी कोण तापवते? तुमचा डबा कोण भरते? बहुतेक घरांत ह्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असते. अम्मी. काही घरांत मोठी बहीण असते. ती अभ्यासात तुमच्याइतकीच हुशार असते, पण तिची सकाळ पाणी भरण्यात आणि पोळ्या लाटण्यात जाते. वर्गात ती उशिरा आली, तर शिक्षक तिलाच रागावतात.

हे बदलायला फार काही लागत नाही. उद्या सकाळी दहा मिनिटे लवकर उठा. मुलगा असाल, तर अवश्य उठा. पाण्याची बादली तुम्ही उचला. चहाचे कप तुम्ही धुवा. दादाजींची शाल त्यांच्या खांद्यावर तुम्ही टाका. पहिल्या दिवशी अम्मी म्हणेल, "राहू दे, तू झोप." तरीही झोपू नका. चार दिवसांनी ती तसे म्हणणार नाही. ती चुलीजवळ थोडी सरकेल आणि शेकायला तुम्हांला जागा करून देईल.