मरोळ-साकीनाक्याच्या गाळ्यांसाठी सामाईक प्रक्रिया केंद्र झालंच पाहिजे!



निकेल मुलाम्याच्या टाकीतून जॉब वर येतो तो अंगावर पाणी घेऊनच. धुताना ते मोरीत उतरतं, मोरीतून नाल्यात आणि नाल्यातून मिठी नदीत. किलोच्या भावाने विकत घेतलेलं निकेल आपण स्वतःच्या हाताने नदीत सोडतो! शेजारच्या गल्लीत गंज काढून काढून दमलेलं ॲसिड पडून असतं, त्यापलीकडे तेलकटपणा काढणारं कॉस्टिक. ही दोन नीट हाताळून एकत्र आणली, तर एकमेकांना बरीचशी शमवतात. आज मात्र प्रत्येक जण वेगळा खर्च करतो, नाहीतर सरळ नाला गाठतो.

दोनशे फुटांच्या गाळ्यात सांडपाणी प्रक्रियेचा स्वतःचा प्रकल्प बसत नाही, हे खरंच आहे. म्हणूनच तो सगळ्यांचा मिळून हवा. तळोजा, डोंबिवली, तारापूरला सामाईक केंद्रं आहेत. पण सगळं एकाच पाइपात ओतून आपलं भागणार नाही. सायनाइडच्या पाण्यात ॲसिड मिसळलं तर जीवघेणा वायू निघतो. निकेल-क्रोम एकत्र झालं, तर हाती उरतो फक्त विषारी गाळ. प्रत्येक पाण्याचं पिंप वेगळं ठेवलं, तर निकेल परत मिळवता येतं आणि लोखंड उतरलेलं ॲसिड सांडपाणी शुद्ध करायला कामी येतं.

कायदा आड येत नाही. 2016 च्या घातक कचरा नियमांतला नववा नियम एकाचा टाकाऊ माल प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीने दुसऱ्याला वापरू देतो. चेंबूरची खत कंपनी आरसीएफ पालिकेचं सांडपाणी शुद्ध करून कारखान्यात वापरते; शेजारची बीपीसीएल रिफायनरीही त्यातलं पाणी घेते. डेन्मार्कच्या कालुंडबोर्गमध्ये रिफायनरीचा गॅस 1972 मध्येच शेजारच्या जिप्सम बोर्डाच्या कारखान्याला मिळाला. मोठ्यांना जमतं ते लहानांना का नाकारायचं?

अडतंय जागेवर. मरोळ एमआयडीसीत कारखाने जाऊन ऑफिसांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. उरलेल्यांतला एक प्लॉट आत्ताच या केंद्रासाठी राखून ठेवा, ही आमची एमआयडीसीकडे मागणी आहे. साकीनाक्याचे गाळे हद्दीबाहेर आहेत म्हणून त्यांना वगळू नका. त्यांचं पाणी टँकरने येऊ द्या. उभारणीचा मोठा वाटा सरकारने उचलावा. चालवण्याचा खर्च आम्ही वापराप्रमाणे देऊ.

या आठवड्यात प्रत्येक गाळ्याने एक कागद भरावा: कोणतं ॲसिड, कोणता धातू, किती लिटर, किती दिवसांनी. नाव लिहायची गरज नाही. कागद आपापल्या इस्टेटच्या सोसायटी ऑफिसात द्या. ते आकडे घेऊनच आपण एमआयडीसीच्या दारात जाणार आहोत.

— अंधेरी पूर्वेचे गाळेधारक आणि कामगार