घरची बिअर आणि नदीकाठची भट्टी

घरच्या घरी इलेक्ट्रिक सेटवर बिअर बनवायच्या रील सध्या आपल्या भागातल्या पोरांच्या मोबाईलवर जोरात फिरतायत. स्टीलचं तीस लिटरचं भांडं, तळाला हीटिंग एलिमेंट, बाजूला लाल आकड्यांत तापमान दाखवणारा डबा, मागे मस्त गाणं. खाली कमेंट ठरलेल्या. 'भाऊ एक नंबर', 'आम्हाला कधी बोलावतो'. एकानं तर मला रील पाठवून "दादा, यावर एक पॉझिटिव्ह स्टोरी करा" असंही सांगितलं.

स्टोरी करण्यासारखं काम आहे, यात वाद नाही. जवाला मोड आणून वाळवायचं, म्हणजे माल्ट. ते भरडून साधारण ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे धान्यातल्या पिठाची साखर होते. तापमान पाच-सात अंश वर गेलं की गणित बिघडतं, म्हणून तर तो इलेक्ट्रिक कंट्रोलर. गॅसवर ही काटेकोर आच धरणं अवघड. मग गाळून हॉप्स टाकून तासभर उकळायचं, झटकन गार करायचं, यीस्ट घालायचं आणि आठ-पंधरा दिवस वीस अंशांच्या आसपास मुरू द्यायचं. वीस लिटरच्या एका घाण्याला चार-पाच युनिट वीज. खरी अडचण उकळण्याची नाहीच, मुरवण्याची आहे. एप्रिलमध्ये शिरूरला घरात वीस अंश कुठून आणणार? त्यासाठी जुना फ्रिज लागतो आणि फ्रिजला दिवसभर लाईट लागते. ती कशी असते ते सांगायला नको.

पण मित्रांनो, हे करणं आपल्या राज्यात गुन्हा आहे. कायद्याचं नावच दारूबंदी अधिनियम, १९४९ सालचा. आधी मुंबई दारूबंदी होतं, आता महाराष्ट्र दारूबंदी म्हणतात. त्याचं कलम ६५ सांगतं की विनापरवाना मद्य तयार करायचं नाही. एवढंच नाही, त्यासाठी साहित्य, भांडी, यंत्र जवळ बाळगणं हाही गुन्हा. बिअर की गावठी, घरी प्यायला की विकायला, असा फरक तिथे नाही. म्हणजे रीलमध्ये जे कौतुकानं दाखवलं जातं, तो पोलिसांच्या भाषेत मुद्देमाल आहे.

आता याच कलमाची दुसरी बाजू. घोड नदीच्या काठाला, तिकडे दौंडला भीमेच्या काठाला, वेड्या बाभळींच्या आडोशाला हातभट्टीवर छापा पडतो. बातमी तुम्हाला पाठ असेल: 'इतके लिटर कच्चे रसायन जागीच नष्ट'. काळा गूळ, नवसागर, पत्र्याचे बॅरल. खाली आरोपीचं नाव, वय, राहणार. बऱ्याचदा ते एखाद्या बाईचं असतं, कारण नवरा आधीच दारूनं गेलेला किंवा आत असलेला. जामीन होतो, पुन्हा चूल पेटते, पुन्हा छापा. फ्लॅटच्या किचनमध्ये असा छापा पडल्याची बातमी मी इतक्या वर्षांत लिहिलेली नाही. कलम एकच, पण एकीकडे गुन्ह्यांची यादी वाढते आणि दुसरीकडे लाईक.

याचा अर्थ हातभट्टी बिचारी आणि निरुपद्रवी, असं मी म्हणत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. आपल्या शेजारी नगर तालुक्यात पांगरमलला फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडणुकीच्या पार्टीतली बनावट दारू पिऊन लोक गेले. तेव्हाचा आक्रोश आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिलाय. पण मालवणीत मारलं ते मिथेनॉलनं. ते गूळ आंबवून एवढं तयार होत नाही, कारखान्यातलं रसायन बाहेरून आणून मिसळलं जातं. आंबवणं वेगळं, ऊर्ध्वपातन करून दारू काढणं वेगळं आणि विष मिसळून विकणं तर फारच वेगळं. आपला कायदा या तिन्हींना एकाच पोत्यात भरतो.

इंग्लंडनं १९६३ मध्ये घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवानाच काढून टाकला. अमेरिकेत १९७८ मध्ये कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं दोन प्रौढांच्या घराला वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटरपर्यंत मुभा दिली. विकायचं मात्र नाही. आणि दोन्हीकडे घरी दारू गाळायला आजही बंदी आहे. म्हणजे रेषा आखता येते. आपल्याकडे पुण्यात २००९ मध्ये मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तीही परवाना काढूनच. भांडवलवाल्याला वाट आहे, घरच्याला नाही.

माझं मत सरळ आहे. फक्त आंबवलेल्या पेयासाठी, ठरावीक लिटरपर्यंत, घरगुती नोंदणी ठेवावी. फी परमिटइतकीच नाममात्र. वय बिअरला आहे तेच, २१. विक्री केली की नोंदणी रद्द आणि गुन्हा. गाळण्याला सूट नाही. आणि हो, वायरमनकडून अर्थिंग तपासल्याचा दाखला सक्तीचा. हसू नका. दोन-तीन हजार वॅटचं एलिमेंट, ओलं भांडं, खाली ओली फरशी आणि आपल्याकडे निम्म्या घरांत अर्थिंग नावालाच. मोटार चालू करताना शॉक लागून माणसं जातात त्या तालुक्यात हे आधी बोललं पाहिजे. अर्थ-लीकेज ब्रेकर बसवल्याशिवाय असला सेट लावणं म्हणजे बादलीत हीटर टाकून हात घालणं. रीलमध्ये तो ब्रेकर मला तरी दिसला नाही.

नोंदणी करायची नसेल तर सरकारनं तसं स्पष्ट सांगावं, आणि मग कलम ६५ जिना चढून फ्लॅटमध्येही जावं. दोन्ही नाही आणि नदीकाठ तेवढा मोकळा सापडतो, हे चालणार नाही.

बायका काय म्हणतील ते मला माहीत आहे. दुकानातली कमी होती म्हणून आता घरातही का? राळेगणसिद्धी आपल्यापासून किती लांब आहे! जानेवारी २०२२ मध्ये सुपर मार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला तेव्हा अण्णा उपोषणाला बसायला निघाले होते. हा आक्षेप मी हलका समजत नाही. ज्या घरात पगाराची पिशवी रिकामी येते तिथे 'छंद' हा शब्दच बोचतो. म्हणून आणखी एक अट हवी. ज्या गावात महिलांच्या मतदानानं बाटली आडवी झाली, तिथे घरगुती नोंदणीही नाही. त्या मतदानाला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, नुसत्या आलेल्यांच्या नव्हे. एवढ्या कष्टानं मिळवलेला ठराव फ्लॅटमधल्या भांड्यासाठी मागच्या दारानं मोडायला नको.

अधिवेशनात आपल्या आमदारांनी हा प्रश्न विचारावा म्हणून मी निवेदनाचा मसुदा करतोय. तुमच्या गावात आडव्या बाटलीचं मतदान झालं असेल, तर गावाचं नाव आणि साल कमेंटमध्ये लिहा. घरचे सेटवाले असाल तर नाव लिहू नका, इनबॉक्स करा.