मर्यादेतले कर्ज आणि आटपाडीचे पाणी

‘राज्यावरील कर्ज वाढले आहे हे मान्य, परंतु ते मर्यादेतच आहे.’ अर्थसंकल्प मांडला की या आशयाचे उत्तर ठरलेले असते. सत्तेवर पक्ष कोणताही असो, उत्तर बदलत नाही. बदलते ती केवळ टाळ्या वाजवणारी बाके.

मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पानुसार २०२५-२६ अखेर महाराष्ट्रावरील कर्ज सुमारे ९ लाख ३२ हजार कोटी रुपये, म्हणजे स्थूल राज्य उत्पन्नाच्या १८.८७ टक्के होईल असा अंदाज होता. मर्यादा २५ टक्क्यांची मानली जाते. तेव्हा अद्याप सहा टक्के जागा शिल्लक आहे, चिंतेचे कारण काय, असा हा युक्तिवाद. परंतु ही जागा संपणार कधी? या प्रश्नाला सभागृहात सरळ उत्तर कोणी देत नाही. वस्तुतः हे गणित दहावीच्या विद्यार्थ्यालाही जमेल.

त्या अर्थसंकल्पातील राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार कोटींची, म्हणजे राज्य उत्पन्नाच्या पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. हेच प्रमाण दरवर्षी राहिले आणि महागाई धरून राज्याचे उत्पन्न वर्षाला १० टक्क्यांनी वाढत गेले, तर २५ टक्क्यांची रेषा साधारण आठ वर्षांत गाठली जाते. उत्पन्न ८ टक्क्यांनीच वाढले तर सहाव्या वर्षी. १२ टक्क्यांनी वाढले तर मात्र जवळपास वीस वर्षे लागतात. उत्पन्नवाढीच्या अंदाजात चार टक्क्यांचा फरक केला की संकट सहा वर्षांवरून वीस वर्षांवर जाते! अर्थमंत्र्यांच्या भाषणात कोणता अंदाज गृहीत धरला जातो, हे सांगण्यासाठी ज्योतिषाची आवश्यकता नाही.

आणि हे गणित केवळ वहीत लिहिलेल्या कर्जाचे झाले. वहीबाहेरच्या कर्जाचे काय? त्याचा अनुभव सातारा-सांगलीइतका दुसऱ्या कोणाला असेल?

बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी दिले. ३१ मे २००० नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता. तोपर्यंत हे पाणी अडवले नाही तर हक्क धोक्यात येईल, अशी रास्त भीती होती. युती सरकारने १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन केले आणि शासनाच्या हमीवर कर्जरोखे काढून पैसा उभा केला. हेतू शुद्ध होता, हे आजही निःसंकोच म्हटले पाहिजे. ताकारी, म्हैसाळ, टेंभू ही दुष्काळी भागाची जुनी आस होती. पण पैसा मोजक्या योजना पुऱ्या करण्याऐवजी अनेक योजनांवर पसरला. कोठे पंपगृह उभे, तर कालवा नाही. कालवा खोदला, तर पोटपाट नाहीत. पाणी येण्यापूर्वी व्याज आले.

रोखे महामंडळाचे, फेड मात्र अखेर राज्याच्या तिजोरीतून. १९९६ मध्ये सुमारे १४१६ कोटींची असलेली टेंभू योजना पुढे चार हजार कोटींच्या वर गेली आणि आटपाडीच्या शिवारात तिचे पाणी दिसण्यास २००० नंतरही दशकाहून अधिक काळ जावा लागला. खटाव-माणसाठीची जिहे-कठापूर योजना, जिला आज लक्ष्मणराव इनामदार यांचे नाव आहे, ती १९९७ मध्ये सुमारे २६९ कोटींची होती. तिचा खर्च पुढे १३०० कोटींवर पोचला. वकीलसाहेब खटावचेच. त्यांच्या गावाकडच्या पाण्याची ही कथा व्हावी, हे खेदजनक आहे. यातले टक्केवारीच्या कोणत्या रकान्यात आगाऊ दिसले होते?

घटनेच्या कलम २९३ नुसार केंद्राचे कर्ज थकीत असलेल्या राज्याला नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते. २०२२ पासून केंद्राने महामंडळांच्या नावे काढलेली, पण राज्याने फेडावयाची कर्जेही राज्याच्या मर्यादेत मोजण्यास आरंभ केला. केरळ त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रकरण २०२४ मध्ये घटनापीठाकडे सोपविण्यात आले. केरळच्या साम्यवाद्यांना हसणे सोपे आहे. पण कृष्णा खोऱ्यात त्यांच्या कितीतरी आधी आपणच हा मार्ग चोखाळला होता, याचे विस्मरण होऊ नये.

आज प्रश्न धरणांचाही राहिलेला नाही. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५ हजार कोटींहून अधिक होती. म्हणजे दैनंदिन खर्च भागविण्यासाठी ऋण. ‘लाडकी बहीण’साठी ३६ हजार कोटींची तरतूद होती. भगिनींच्या हाती पैसा पडावा याला कोणाचा विरोध असणार? पण तो कर्जाचा असेल तर त्याचे व्याज त्यांचीच मुले भरणार, हे त्यांना मेळाव्यात कोण सांगणार? टेंभूचे कर्ज निदान उशिराने का होईना, डाळिंबाच्या बागेत उतरले. उपसा योजनांच्या वीजबिलातील ८१ टक्के वाटा शासनाने उचलला, तेव्हा पंप चालले. तिजोरी आवळली जाईल तेव्हा पहिली कात्री याच पंपांना लागेल, आणि त्यासाठी २५ टक्क्यांची वाट पाहिली जाणार नाही. थकलेल्या बिलांमुळे म्हैसाळचे पंप बंद पडलेले मिरज-जतच्या शेतकऱ्याने पाहिले आहेत.

सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून हिशेब मागू नये, ही शिस्त नव्हे. प्रत्येक अर्थसंकल्पासोबत महामंडळनिहाय हमी, थकीत मुद्दल, त्यावरील व्याज आणि अपूर्ण कामे यांचा तक्ता जिल्हावार छापला जावा. आणि कर्जाची रेषा ८, १० व १२ टक्के उत्पन्नवाढीला कोणत्या वर्षी गाठली जाईल, ते अर्थमंत्र्यांनी स्वतःच्या सहीने लिहून द्यावे. सातारा-सांगलीच्या आमदारांनी ही मागणी पुढील अधिवेशनात करावी. करणार नसतील, तर का नाही, हे कार्यकर्त्यांनी त्यांना तालुक्याच्या बैठकीत विचारावे.