औंढ्याची भिंत आणि परदेशी अर्ज

हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्याच वर्षी जर्मनीतल्या कॉटबुसच्या विद्यापीठात जागतिक वारसा अभ्यासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, तोही इंग्रजीतून. या दोन्हींचा संबंध कुणी जोडत नाही. मला तो जोडावासा वाटतो.

याच हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाच्या देवळाला प्रदक्षिणा घालताना मान वर करून पाहा. खाली यादवकाळातला कोरीव दगड, मूर्तींच्या रांगा. वर नंतरच्या काळातलं विटा-चुन्याचं बांधकाम. त्या सांध्यापाशी उभं राहिलं की प्रश्न सुचतात. यातलं मूळ कोणतं? नंतरची दुरुस्ती हाही वारसाच नव्हे का? रोज अभिषेक होणारी वास्तू जपायची कशी? आणि संत नामदेवांसाठी हे देऊळ फिरलं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण कोणत्या नोंदीत बसवायची? वारसा अभ्यासाचा गाभा हाच आहे.

तरीही आपली मुलं अशा परदेशी अभ्यासक्रमाच्या अर्जातल्या हेतुपत्रात ‘भारताची समृद्ध परंपरा’ लिहून मोकळी होतात. मुलांनो, तो सांधा लिहा!

गुणपत्रिका, शिफारसपत्रं, इंग्रजीची परीक्षा हे लागतंच. जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखलाही, लागतो. तो आधी मागवा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे नियम वाचावेत. आणि अर्ज लिहायला बसण्याआधी एक सकाळ वही घेऊन त्या भिंतीपाशी काढा. पुजाऱ्यांशी बोला, दर्शनाला आलेल्या आजीबाईंना देऊळ फिरल्याची गोष्ट सांगायला लावा, ती त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.