जो 'नाही' म्हणतो, त्याच्याकडे उतरा



सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या घरांतून एक कामवाटणी आपोआप होते. खाखरे, चिवडा, सुकी भाजी, पाण्याचे गाळणे, औषधांचा डबा हे आपल्याकडे. आणि उतरायचे कुठे, हे मुलाच्या नाहीतर सुनेच्या मोबाइलकडे. तीन फोटो दाखवले जातात, आपण मान हलवतो, पैसे जातात. मला ही वाटणी चुकीची वाटते. मुक्कामाची जागा ठरवणे हे घर चालवणाऱ्या बाईचे काम आहे. आपण भाड्याने घर घेताना भिंतीचा रंग बघत नाही, शेजार बघतो. प्रवासात मात्र खोलीचा पडदा बघतो आणि शेजार विसरतो.

सध्या आपल्या मंडळात रायगड, प्रतापगड, महाबळेश्वर अशा सहली बऱ्याच ठरतात. महाबळेश्वरला गर्दीच्या दिवसांत खोलीचे भाव अंगावर येतात, म्हणून घाटाखाली पोलादपूर, महाड किंवा कापडे या बाजूला राहावे का, असे मला विचारले जाते. कापडे म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावरच्या पोलादपूरहून महाबळेश्वरकडे वळले की आंबेनळी घाट चढण्याआधी लागते ते गाव. याच रस्त्याने पुढे प्रतापगडाचा फाटा येतो. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठही याच पोलादपूर तालुक्यातले. भाग सुंदर आहे, माणसे साधी आहेत. जरूर राहा, पण 'सुरक्षित जागा' म्हणजे काय हे आधी आपसात ठरवू या.

इथे सुरक्षिततेचे दोन भाग आहेत. एक डोंगराचा, दुसरा माणसांचा. आपण दुसऱ्याचीच चर्चा करतो, म्हणून पहिल्यापासून सुरू करते.

22 जुलै 2021 ची रात्र आठवा. महाड शहर पुराच्या पाण्यात होते. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि सुतारवाडी इथेही दरडींनी बळी घेतले. त्याआधी 28 जुलै 2018 ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली, एकच जण वाचला. आणि 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. तारखा बघा. सगळ्या जुलैच्या उत्तरार्धातल्या आणि ऑगस्टच्या सुरुवातीच्या. आपले साधू-साध्वी चातुर्मासात एका जागी राहतात ते जीवदयेसाठी, हे आपल्याला पाठ आहे. पण आपण गृहस्थ नेमके त्याच दिवसांत 'धबधबे बघायला' घाटात जातो आणि डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठावर बांधलेली खोली 'व्ह्यू छान आहे' म्हणून जास्त पैसे देऊन घेतो.

म्हणून माझा पहिला नियम असा, की जुलै-ऑगस्टमध्ये या भागात मुक्काम करूच नये. दिवाळीनंतर डोंगर हिरवा असतो, हवा चांगली असते आणि रस्ता मोकळा असतो. जायचेच असेल तर मालकाला तीन प्रश्न सरळ विचारावेत. घराच्या मागे डोंगराचा उतार किती जवळ आहे? ओढा किंवा नदी कुठे आहे? 2021 च्या पावसात तुमच्याकडे काय झाले होते? खरा माणूस तिसऱ्या प्रश्नावर थांबतो आणि सांगू लागतो. त्या पावसाची आठवण नाही असा माणूस या तालुक्यांत सापडणे कठीण. 'काहीच झाले नव्हते हो, तुम्ही पैसे पाठवा' असे कोणी घाईने म्हणाले, तर एक तर तो तिथला नाही, किंवा त्याला सांगायचे नाही.

आता माणसांची सुरक्षितता. कोकणात गाव म्हणजे एक सलग वस्ती नसते. वाड्या असतात, दोन वाड्यांमध्ये रान असते. त्यामुळे नकाशावर 'कापडे' दिसले म्हणजे गावात खोली मिळाली असे होत नाही. खोली शेवटच्या घरापासून दोन किलोमीटर आत, कच्च्या रस्त्यावरही असू शकते. तरुणांना हा एकांत हवासा वाटतो. मी मात्र वस्तीतली खोली घेईन, थोडी लहान असली तरी. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर घरे, जवळ किराणा दुकान, एसटीचा थांबा आणि संध्याकाळी अंगणात बसलेल्या बायका, एवढे असले की मला पुरे. घरातली बाई फोनवर बोलते का, हेही मी बघते. नवरा भाव सांगतो, बाई खरी माहिती देते. पाणी किती वाजता येते, गिझर चालतो का, रात्री दिवे जातात का, हे तिलाच माहीत असते.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट. आपण सूर्यास्ताआधी जेवतो. नोव्हेंबरात या भागात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराआड असल्याने अंधार त्याआधीच वाटू लागतो. म्हणजे पाचला मुक्कामी पोचणे भाग आहे. हा नियम आपल्याला अडचणीचा वाटत असला तरी घाटात तोच आपले रक्षण करतो. अंधारात थकून पोचलेला माणूस मिळेल ती खोली, मागतील त्या भावात घेतो. दिवसाउजेडी पोचलेला माणूस जागा बघू शकतो, नको म्हणू शकतो आणि पोलादपूरला परतही जाऊ शकतो.

याच जेवणावरून मी माणूसही ओळखते. 'शुद्ध जैन जेवण मिळेल' ही पाटी आता सगळीकडे दिसते. आपल्याला पकडायला याहून चांगला गळ नाही. म्हणून मी फोनवर विचारते, कांदा, लसूण, बटाटा काहीच चालणार नाही, साडेपाचला जेवायला वाढाल का, आणि भांडी कोणती वापरता? प्रत्येक प्रश्नाला 'हो हो, सगळे होईल' असे उत्तर आले की मी सावध होते. आणि एखादी ताई म्हणते, 'काकू, आमच्या घरात मासे शिजतात. भांडी मी घासून वेगळी काढीन, पण स्वयंपाकघर एकच आहे. तुम्हाला चालत नसेल तर तुम्ही स्वतः करून घ्या, बाहेर चूल देते.' मग मी तिच्याकडे उतरते आणि आपला डबा खाते. ज्याला गिऱ्हाईक जाईल याची पर्वा न करता 'नाही' म्हणता येते, त्याच्या 'हो'वर विश्वास ठेवता येतो.

आता पैशाच्या फसवणुकीकडे वळते. बीकॉम झाले त्याचा उपयोग संसारात एवढाच, की पैसा कुणाच्या नावावर जातो हे बघायची सवय लागली. हल्ली फसवणारा तुमच्यासमोर येतच नाही. खऱ्या हॉटेलचे, धर्मशाळेचे किंवा भक्तनिवासाचे फोटो उचलायचे, हुबेहूब दिसणारे संकेतस्थळ बनवायचे, जाहिरात देऊन ते शोधात वर आणायचे आणि आगाऊ रक्कम घेऊन फोन बंद करायचा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने, आय4सीने, 2025 मध्ये याच प्रकाराचा इशारा दिला होता. त्यात केदारनाथच्या हेलिकॉप्टरपासून यात्रेकरूंच्या निवासापर्यंतची खोटी बुकिंगे होती. म्हणजे भाविक माणूस हेच त्यांचे गिऱ्हाईक. आपल्या शास्त्रात अचौर्याच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे, अस्सल म्हणून नक्कल खपवणे. पाठशाळेत शिकताना डोळ्यांसमोर तुपातली भेसळ यायची. आता ती मोबाइलमध्ये आली आहे.

यावर उपाय हिशोबाचे आहेत, भीतीचे नाहीत.

पैसे पाठवण्याआधी मोबाइलवर खातेदाराचे नाव दिसते, ते वाचा. संस्थेची खोली आणि खाते भलत्याच व्यक्तीच्या नावावर असेल तर थांबा. घरगुती मुक्कामात खाते घरच्या माणसाच्या नावावर असणारच, तेव्हा नाव आधी फोनवर विचारा आणि मग जुळवा.

पावतीवर जीएसटी क्रमांक असेल तर तो 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरे पॅनची. हा क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की मालकाचे नाव कळते. मात्र छोट्या घरगुती मुक्कामाची उलाढाल कमी असते, त्याला नोंदणी लागतेच असे नाही. क्रमांक नाही म्हणून त्या बाईला खोटे ठरवू नका. तिच्याकडे राज्याच्या पर्यटन विभागाचे निवास-न्याहारी योजनेचे प्रमाणपत्र आहे का, हे विचारा. 2023 मध्ये राज्याने 'आई' नावाचे महिलांसाठीचे पर्यटन धोरणही आणले. बाईने चालवलेला, नोंदणी असलेला मुक्काम मिळाला तर माझी पसंती त्याला.

पैसे मिळवण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. 'आगाऊ रक्कम परत करतो, हा कोड स्कॅन करा' म्हणणारा पैसे काढून घेणारा आहे.

नकाशावरच्या फोन नंबरावर विसंबू नका, तो बदलला गेलेला असू शकतो. गावातल्या दुसऱ्या एखाद्या दुकानाला फोन करून 'अमुक घर कुठे आहे हो?' एवढे विचारा. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. जे घर गावाला माहीत नाही, ते घर नाही.

ओळखपत्र दाखवावे लागते, ते नोंदीसाठी योग्यच आहे. पण आधारची मास्क केलेली प्रत मिळते, तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. फोनवरून मागितले तर तीच पाठवा.

यावर घरातले म्हणतील, 'एवढी चौकशी कशाला? महाबळेश्वरला मोठे हॉटेल घ्या, विषय संपला.' मला हे पटत नाही. मोठ्या हॉटेलच्या नावानेच तर खोटी पाने निघतात, कारण नाव सगळ्यांना माहीत असते. आणि आपण घाबरून सगळे मोठ्या हॉटेलांत गेलो तर शिक्षा कुणाला? दूर कुठेतरी बसून फसवणाऱ्याला नाही. शिक्षा कापड्यासारख्या गावातल्या त्या बाईला, जिने दोन खोल्या रंगवून, चादरी घेऊन गिऱ्हाइकाची वाट बघितली. पूर आणि दरडी सोसलेल्या भागात आपले दोन-तीन हजार रुपये थेट एका घरात जातात, ही छोटी गोष्ट नाही.

आणि प्रामाणिकपणा फक्त समोरच्याचा तपासायचा का? चार जणांची खोली घेऊन सहा जण राहणे, आदल्या रात्री न कळवता रद्द करणे, 'बिल नको, थोडे कमी करा' म्हणणे, हे आपल्यातही चालते. यजमानीणबाई आगाऊ पाचशे मागते ती आपल्यासारख्यांच्या अनुभवावरूनच. थोडी रक्कम आगाऊ, बाकी खोली बघून, आणि दोन्हींची नोंद दोघांकडे, हा सौदा दोघांनाही न्यायाचा आहे. पूर्ण रक्कम आगाऊ मात्र अनोळखी माणसाला देऊ नये.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. एवढे करूनही फसवणूक होऊ शकते. तेव्हा 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा. पहिल्या तासांत कळवले तर पैसे पुढे जाण्याआधी बँकेला अडवता येतात. वेळ कशात जातो? लाजेत. माझ्या ओळखीतल्या एकीचे पैसे असे गेले. तिने दोन दिवस घरात सांगितले नाही, कारण मुलगा म्हणेल, 'आई, तुला कोणी सांगितले मोबाइलला हात लावायला?' ते पैसे त्या दोन दिवसांत हातचे गेले. म्हणून सुनांना आणि मुलांना माझे सांगणे आहे, घरातल्या मोठ्या बाईला आज, काही घडायच्या आधी, एवढे सांगून ठेवा की पैसे गेले तर आम्ही रागावणार नाही, आधी फोन करू. हे वाक्य कोणत्याही ॲपपेक्षा जास्त पैसे वाचवील.

आणि तुम्ही, मैत्रिणींनो, पुढच्या सहलीची खोली ठरताना डबे भरणे जरा बाजूला ठेवा, फोन हातात घ्या आणि त्या घरच्या बाईशी स्वतः बोला.